सरकारतर्फे

घर फुटतं. आपण चौकीत जातो, फिर्याद देतो, पंचनामा होतो. पुढे कधीतरी खटला उभा राहतो, तेव्हा कागदावर मथळा असतो : महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुकतमुक. ज्याचं घर फुटलं तो साक्षीदारांच्या यादीत. पुकारा झाला की आत जायचं, विचारतील तेवढंच बोलायचं, बाहेर यायचं. नुकसान आपलं, भांडण सरकारचं.

पूर्वी असं नव्हतं. पेशवाईच्या अखेरीस गावात चोरी झाली की जागल्या, बहुधा रामोशी किंवा भिल्ल, चोराच्या पावलांचा माग काढी. माग शेजारच्या शिवेपर्यंत पोहोचवला की जबाबदारी त्या गावावर. माग हरवला तर भरपाई जागल्याने द्यायची, त्याला झेपली नाही तर गावाने. ही रीत ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने आपल्या अहवालात नोंदवली आहे. त्याच्या कितीतरी आधी गौतम धर्मसूत्राने तर राजालाच धरलं होतं : चोरीचा माल शोधून मालकाला द्यावा, नाहीतर कोशातून भरून द्यावा.

म्हणून जुन्याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. न्याय पीडिताच्या हाती असला की काय होतं ते इंग्लंडमध्ये १८१७ साली दिसलं. मेरी अॅशफर्ड या तरुणीच्या खुनाच्या आरोपातून थॉर्नटन नावाचा माणूस निर्दोष सुटला. तिच्या भावाने, विल्यमने, एका जुनाट कायद्याच्या आधारे स्वतः त्याच्यावर खटला भरला. थॉर्नटनने भर कोर्टात हातमोजा फेकला : चल, लढून ठरवू! तोही हक्क त्याच कायद्यात होता आणि न्यायाधीशांना तो मान्य करावा लागला. थॉर्नटन धिप्पाड, विल्यम किरकोळ. विल्यमने माघार घेतली, थॉर्नटन मोकळा झाला. १८१९ मध्ये संसदेने असा खटला आणि असं द्वंद्व दोन्ही रद्द केली.

इकडे बंगालमध्ये गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसने १७९० मध्येच मृताच्या वारसांचा खुन्याला माफ करण्याचा अधिकार काढून घेतला होता. मला हे पटतं. वारस गरीब आहे की भ्यालेला आहे यावर खुन्याची शिक्षा ठरू नये.

पण पीडिताच्या हातून सूड काढून घेताना सरकारने भरपाईचं ओझंही हळूच खाली ठेवलं. दंड खजिन्यात जाऊ लागला. (कोर्टाला वाटलं तर त्यातून काही देण्याची सोय होती, वाटायचं क्वचित.) ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली ती थेट २००८ च्या दुरुस्तीने. त्याच दुरुस्तीत एक फारसं चर्चेत न आलेलं कलम आहे : गुन्हेगार सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडिताला विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. गौतमाचा कोश दोन हजारांहून जास्त वर्षांनी पुन्हा उघडला म्हणायचा. किल्ली मात्र अर्ज, शिफारस आणि शिक्क्यांच्या मागे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेली नवी संहिता पोलिसांना सांगते की तपास कुठवर आला ते ९० दिवसांत पीडिताला कळवा. फोनवरून कळवलं तरी चालेल. चौकीच्या बाकड्यावर बसलेल्या माणसाला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं : माग कोणत्या शिवेपर्यंत गेला?