चोर नव्हे, गिऱ्हाईक

कोर्टात गुन्हा कबूल करणारा माणूस खरं बोलतो, असा आपला भाबडा समज आहे. पुष्कळदा तो भाव करत असतो. चोरीचा आरोप असलेला इसम हात जोडून म्हणतो, "साहेब, चोरी मी नाही केली. चोरीचा माल घेतला, एवढं मात्र कबूल." नाक कापलं तरी दोन भोकं शिल्लक म्हणतात, ती हीच!

यात थोडं गणितही असतं. आम्ही कॉमर्सवाले, शिक्षेचेही आधी दर बघतो. १ जुलै २०२४ पासून पीनल कोडाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण हे दर हलले नाहीत. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद, जाणूनबुजून चोरीचा माल घेणाऱ्याला तीन. एका वाक्यात चार वर्षांची सूट! (मात्र हाच ज्याचा नित्याचा धंदा, त्याला जन्मठेपही होऊ शकते. म्हणजे सवलत किरकोळ गिऱ्हाइकालाच, घाऊक व्यापाऱ्याला नाही.)

पण साध्या चोरीलाही तीनच वर्षं आहेत. तिथे या कबुलीने काय वाचतं? अब्रू वाचते. 'चोर' ही शिवी आहे. 'घेणारा' म्हणजे गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक तर आपण सगळेच!

ही पळवाट जुनी आहे. पापात वाटा घेता का, असं वाल्या कोळ्याने घरी विचारलं. बायकामुलं म्हणाली, "पोसणं तुझं काम, पाप तुझं तुला." लुटीचं जेवण मात्र सगळ्यांनी घेतलं होतं. वाल्या हादरला, रानात बसला आणि वाल्मीकी झाला. घरच्यांपैकी कुणी जपाला बसल्याचं मी तरी एकाही कीर्तनात ऐकलेलं नाही. ज्याला आपण चोर आहोत हे कळतं, त्याला निदान सुधारायची सोय असते. गिऱ्हाइकाला सुधारण्यासारखं काही दिसतच नाही!

खतावणीत एकाच बाजूला नोंद करून मेळ बसत नाही. एकाने उचललं, तर दुसऱ्याने घेतलं पाहिजे. गिऱ्हाईकच नसेल तर वीस सायकली चोरणारा चोर बसून बसून किती सायकलींवर बसेल? इंग्लंडातल्या कायद्याने हा हिशेब ओळखलेला दिसतो. तिथे आज चोरीला जास्तीत जास्त सात वर्षं, आणि चोरीचा माल हाताळणाऱ्याला चौदा. आपल्या आरोपीने तिथे ही कबुली दिली, तर वकील कपाळावर हात मारून घेईल.

तुम्ही म्हणाल, पण घेणाऱ्याला कुठे ठाऊक असतं? कायदा इथे आपल्यापेक्षा हुशार आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असणं, 'किंवा तसं मानायला कारण असणं', दोन्ही तो एकाच मापाने मोजतो. आणि हे कारण बहुधा किमतीच्या चिठ्ठीवरच लिहिलेलं असतं. चार हजारांचं घड्याळ चारशेला मिळतं. विकणारा इकडेतिकडे बघत म्हणतो, "बिल नाही मिळणार हं, साहेब."

तेव्हा आपण 'का?' असं विचारत नाही. 'तीनशेला देतोस का?' असं विचारतो.