नाव एक, माणसे अनेक

‘नाव’ या दोन अक्षरी शब्दाकडून आपली मराठी भाषा फार कामे करून घेते. नाव ठेवणे हा संस्कार आहे, आणि नावे ठेवणे हा दुर्गुण आहे. मुलाने नाव काढावे अशी आईबापांची इच्छा असते, त्याने नाव घालवू नये अशी धास्ती असते, आणि शेवटी मुखी नाव यावे अशी सर्वांचीच प्रार्थना असते. या साऱ्या बोलण्यात एक गोष्ट आपण गृहीत धरतो, ती ही की नाव ही ज्याची त्याची वस्तू आहे. परंतु एकाच नावाची अनेक माणसे होऊन गेली असतील, तर त्या नावाचे पुण्य कोणाचे व पाप कोणाचे? बारशाच्या निमित्ताने देवळात येणारी मंडळी हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात. कोणी म्हणतात, आजोबांचे नाव मोठे, ते नातवाला पेलेल काय? कोणी म्हणतात, अमक्या नावाचा मनुष्य वाईट निघाला, तेव्हा ते नाव आमच्या घरात नको. या शंका भोळ्या समजून सोडून द्याव्यात असे आम्हांस वाटत नाही. आपल्या धार-देवासच्या इतिहासातच त्यांचा विचार करण्यास पुष्कळ आधार आहे.

प्रथम धारानगरीचाच दाखला घेऊ. भोज म्हटले की आपल्यापुढे एकच मूर्ती उभी राहते: सुमारे १०१० ते १०५५ या काळात राज्य करणारा परमार राजा, ‘समरांगणसूत्रधार’ व ‘शृंगारप्रकाश’ ज्याच्या नावावर आहेत तो विद्वानांचा आश्रयदाता. परंतु त्याच्या आधी, नवव्या शतकात, कनोजला प्रतिहार कुळातील मिहिरभोज होऊन गेला. त्याचे साम्राज्य परमार भोजाच्या राज्याहून पुष्कळ मोठे होते. पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीस व तेराव्याच्या आरंभी शिलाहार कुळातील दुसरा भोज पन्हाळ्याहून राज्य करीत होता. दक्षिण महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांची उभारणी परंपरा त्याच्याकडे देते, आणि यादव सिंघणाने त्याचे राज्य जिंकून घेतले. खुद्द धारच्या परमारांतही तेराव्या शतकात आणखी एक भोज झाला. भागवतात तर कंसालाच ‘भोजपती’ म्हटले आहे, कारण भोज हे त्याच्या कुळाचे नाव.

इतके भोज असूनही लोकांच्या स्मरणात एकच उरला. ‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’ ही म्हण आम्ही धारकर आमच्या भोजाची समजतो. पन्हाळ्याकडे मात्र तिची निराळीच कथा सांगतात. लोकस्मृतीचा स्वभाव असा आहे की, ज्याच्याजवळ आधीच पुष्कळ आहे त्याच्याच पदरात ती इतरांचेही टाकते. चांगला श्लोक सापडला की तो भोजाचा, जुने तळे दिसले की तेही भोजाचे. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. तथापि ज्याने दगड वाहिला त्याचे श्रेय नुसत्या नामसाम्याने दुसऱ्याच्या खात्यावर जमा व्हावे, हा अन्यायच आहे, आणि तो मेलेल्या माणसावर होत असल्यामुळे त्याची दाद मागणारा कोणी राहत नाही. मृतांचे ऋण मानणाऱ्या आपल्या समाजाने तरी याची टोचणी बाळगावयास हवी.

देवासचा प्रकार याहून वेगळा आहे. १७२८ मध्ये तुकोजी व जिवाजी या दोघां पवार बंधूंनी येथे राज्य स्थापिले, आणि पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदली. विसाव्या शतकाच्या आरंभी थोरल्या पातीच्या गादीवर तिसरे तुकोजीराव पवार होते. त्याच सुमारास शेजारी इंदूरच्या गादीवर तिसरे तुकोजीराव होळकर होते. नाव तेच, क्रमांक तोच, काळ तोच, आणि दोन राजधान्यांत अंतर एका दिवसात सहज जाऊन येण्याचे! होळकरांनी १९२६ मध्ये गादी सोडली. पवार महाराज संस्थानाच्या आर्थिक अडचणींत देवास सोडून पाँडिचेरीस गेले व १९३७ मध्ये तेथेच निवर्तले. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने १९२१ मध्ये ज्यांच्या पदरी नोकरी केली आणि ज्यांच्याविषयी १९५३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, ते हे देवासचे तुकोजीराव. दूरचा वाचक आजही या दोघांची गल्लत करू शकेल. येथील मनुष्य करणार नाही, कारण तो नुसते नाव ऐकून थांबत नाही, ‘कोणते?’ म्हणून विचारतो. हा लहानसा प्रश्न म्हणजेच न्यायाचा आरंभ होय.

आता ज्या उदाहरणात नामसाम्याचा भार सर्वांत अधिक जाणवतो त्याकडे वळू. थोरल्या बाजीरावांचा देह १७४० मध्ये नर्मदातीरी रावेरखेडी येथे पडला. पस्तीस वर्षांनी, १७७५ मध्ये, त्यांचे पुत्र रघुनाथराव यांच्या पत्नी आनंदीबाई धारच्या किल्ल्यात आश्रयास असता त्यांना मुलगा झाला, आणि त्याला आजोबांचे नाव मिळाले. तोच दुसरा बाजीराव. ज्या माळव्यात आजोबांनी मराठ्यांचा जम बसविला, त्याच माळव्यात त्यांच्या नावाने पुन्हा जन्म घेतला. परंतु नावाबरोबर दैव काही आले नाही. आजोबा एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास वडिलांबरोबर दिल्लीच्या मोहिमेवर होते, आणि विसाव्या वर्षी पेशवे झाले. नातवाचे बालपण व तारुण्य नजरकैदेत गेले. एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास तो जुन्नरास पहाऱ्यात होता. १७९६ मध्ये त्याला पेशवाई मिळाली, १८०२ च्या अखेरीस त्याने वसईचा तह केला, १८१८ मध्ये राज्य गेले, आणि १८५१ मध्ये ब्रह्मावर्तास त्याचा अंत झाला.

लोकांनी एकाला ‘थोरले’ म्हटले आणि दुसऱ्याला ‘पळपुटा’. म्हणजे बारशाला मिळालेले नाव दोघांचे एक, पण कर्माने मिळालेले नाव ज्याचे त्याचे वेगळे. येथे दोन गोष्टींची फारकत करणे आम्हांस अवश्य वाटते. वसईच्या तहावर दुसऱ्या बाजीरावाने स्वतः संमती दिली; तो दोष त्याचाच, आणि नजरकैदेचे कारण सांगून तो पुसता येणार नाही. परंतु तो थोरला बाजीराव झाला नाही, हा काही त्याचा दोष नव्हे. आपण केले त्याचा जाब मनुष्याला द्यावा लागतो. आपण दुसरा कोणी नव्हतो याचा जाब कोणी कोणाला मागू नये. आजोबांच्या नावाने हाक मारून नातवाला रोज आजोबांच्या मापाने मोजणारी घरे आपल्यातही आहेत. ते नाव त्या मुलाला वारसा न वाटता कर्ज वाटू लागते.

आणि नाव एकदा डागाळले की कायमचे डागाळते काय? याचेही उत्तर याच कथेत आहे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा वध झाला, आणि ‘ध चा मा’ केल्याची आख्यायिका आनंदीबाईंच्या नावाला चिकटली. खरे-खोटे काहीही असो, महाराष्ट्रात ते नाव अनेक पिढ्या कुजबुजीचा विषय झाले. पुढे १८६५ मध्ये कल्याणास यमुना नावाची एक मुलगी जन्मली. विवाहानंतर गोपाळराव जोशांनी तिचे नाव आनंदी ठेवले. हीच डॉक्टर आनंदीबाई जोशी. १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेऊन ती परतली, आणि १८८७ मध्ये वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी निवर्तली. आज कोणी आपल्या मुलीचे नाव आनंदी ठेवले, तर ऐकणाऱ्याला कोणती आनंदी आठवेल? नाव भांड्यासारखे आहे. ते घासता येते. मात्र घासण्यासाठी कोणाचे तरी सबंध आयुष्य खर्ची पडते.

मग नावात स्वतःचे असे काही सामर्थ्य नाहीच काय? देवळात नित्य नामस्मरण ऐकणाऱ्या आम्हांला असे म्हणवत नाही. भागवतात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखविणाऱ्या दोन कथा आहेत. अजामिळाने अंतकाळी आपल्या धाकट्या मुलाला ‘नारायणा’ अशी हाक मारली, आणि मुलाचे व देवाचे नाव एक असल्यामुळे विष्णुदूत धावून आले. उलट करूष देशाच्या पौंड्रकाने खुशामतखोरांच्या बोलण्याला भुलून ‘वासुदेव तो मीच’ असे ठरविले, खोटे शंखचक्र धारण केले, आणि श्रीकृष्णाला निरोप धाडला की ते नाव टाकून दे. त्याचा परिणाम सर्वांस ठाऊक आहे. एकाला नामसाम्याने तारले आणि एकाला मारले, असे वरवर दिसते. परंतु अजामिळाने त्या नावावर कोणताही हक्क सांगितला नव्हता. त्याने केवळ हाक मारली होती. शिवाय यमपाशातून सुटल्यावर तो जुन्या घरी परतला नाही, गंगाद्वारी जाऊन त्याने तप केले. नावाने दार उघडले. आत त्याला स्वतःच्या पायांनी जावे लागले. पौंड्रकाने मात्र ज्याचे कर्म आपण केले नव्हते त्याचे नाव वतन म्हणून मागितले. तरीही भागवतकार इतके उदार आहेत की, द्वेषाने का होईना, त्याने अखंड हरीचेच ध्यान केले म्हणून त्याला हरीचे रूप लाभले असे ते सांगतात.

यावरून आम्हांस असे वाटते की, थोरांचे नाव मुलाला खुशाल द्यावे, पण ते हाकेसारखे द्यावे, सनदेसारखे नव्हे. आपल्या शास्त्रानेही ही काळजी घेतली आहे. संकल्पात नुसते नाव पुरत नाही, गोत्रही उच्चारावे लागते. अभिषेकाला एकाच नावाचे दोन यजमान आले की आमचे वडील प्रथम गोत्र विचारतात ते याचसाठी. श्राद्धात पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप, प्रपितामह आदित्यरूप असे तिघांचे वेगवेगळे स्मरण होते. पिता व प्रपितामह यांचे नाव एकच असले, आणि आपल्या घरांत ते पुष्कळदा असते, तरी दोघांना मिळून एक पिंड देत नाहीत. ज्याचा त्याला वेगळा द्यावा लागतो.

हाच नियम व्यवहारात पाळणे कठीण नाही. नातवाला आजोबांचे नाव ठेवले असेल, तर आजोबांनी काय केले ते त्याला सांगावे, त्यांचे काय चुकले तेही सांगावे, आणि पुढचे पान त्याच्यासाठी कोरे ठेवावे. घरातील जुन्या वह्या, फोटो व वंशावळ यांवर नुसते नाव न लिहिता वडिलांचे नाव, गाव व साल घालावे, म्हणजे एकाचे श्रेय दुसऱ्याकडे जाणार नाही. देवळाला कोणी पायरी किंवा समई अर्पण केली असेल, तर तिच्यावरही असेच पूर्ण नाव असावे. आणि कोणाचे नाव कानी आल्यावर, स्तुती वा निंदा करण्यापूर्वी, ‘कोणते?’ एवढे विचारण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी, अशी वाचकांस आमची विनंती आहे.