फोटोच्या कडेला

शुक्रवारी संध्याकाळी कामगार आले आणि सोमवारी सकाळी अण्णांच्या गॅलरीला ॲल्युमिनियमची सरकती खिडकी लागलेली होती. वार मुद्दाम निवडलेला. शनिवार-रविवारी वॉर्ड ऑफिसातून कोणी फिरकत नाही, हे गिरगावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. बर्मा सागवानाच्या आठ झडपा आणि त्यांच्या वरची रंगीत तावदानं हातगाडीवर चढली. वाडीच्या तोंडाशीच भंगारवाला उभा होता.

अण्णांची बाजू अगदीच खोटी नव्हती. दर पावसाळ्यात झडपा फुगायच्या, दोन तर लागतच नव्हत्या. खालच्या पट्टीला वाळवी लागलेली. सुताराने सांगितलेला आकडा ऐकून वहिनींनी हातातला चहा खाली ठेवला होता. वर घर वारसा यादीत, श्रेणी दोन-ब. म्हणजे खिडकी बदलायची तर आधी अर्ज, फोटो, आर्किटेक्टचे नकाशे आणि मग चकरा.

"घर माझं, पैसा माझा, डास मला चावतात," अण्णा म्हणाले, "आणि खिडकी कशी असावी ते कमिटी ठरवणार?"

ही कमिटी म्हणजे मुंबईची वारसा जतन समिती. 21 एप्रिल 1995 ला शहरासाठी वारसा नियमावली लागू झाली, देशात पहिल्यांदाच. इमारतींच्या श्रेणी पडल्या. पहिल्या श्रेणीत शक्यतो आत-बाहेर कुठेच हात लावायचा नाही. दुसरीत आतले बदल बहुधा चालतात, बाहेरचे तपासून. तिसरीत आणखी मोकळीक. पण परवानगीची अट इतकी बारीक, की दुरुस्तीच काय, बाहेरून रंग काढायचा तरी आधी विचारायचं. समिती स्वतः परवानगी देत नाही, ती आयुक्तांना सल्ला देते. आयुक्तांना तो डावलायचा असेल तर डावलता येतो, मात्र अपवाद म्हणून, आणि कारण कागदावर लिहून. मला या सगळ्या नियमावलीत हे 'कारण कागदावर लिहून' फार आवडतं. आपल्याकडे बहुतेक गोष्टी न लिहिताच होतात.

लोकांचा राग मात्र मला कळतो. 2012 साली यादी वाढवायचं ठरलं, तेव्हा शिवाजी पार्कसारख्या भागातल्या रहिवाशांनीच हरकती घेतल्या होत्या. यादीत नाव लागणं हा मान असतो, पण गळणारं छप्पर मानाने थांबत नाही.

तर अण्णांची खिडकी राहिली. नोटीस आली नाही. वर्षभरात वाडीत आणखी दोन घरांना तशाच खिडक्या लागल्या, एकाने जिन्याला शटर बसवलं. अण्णांना विचारायला लोक येत आणि अण्णा कंत्राटदाराचा नंबर देत.

मग समोरच्या आंटींच्या घराचं निघालं.

आंटींचं घर एकमजली, कौलारू, बाहेरून लाकडी जिना. तेही दोन-ब. दोन मुलं, दोन्ही लग्नाची. वर आणखी दोन मजले चढवायचे, असं त्यांनी ठरवलं. बांधकामाच्या सळ्या येऊन पडल्या त्या संध्याकाळी अण्णा खाली उतरले.

"अरे, परवानगी घेतलीस का?"

"घेऊ की अण्णा, नंतर," धाकटा म्हणाला. "तुम्ही कुठे घेतली होती?"

"माझी खिडकी होती रे. तुझे दोन मजले आहेत. माझ्या गॅलरीत दुपारनंतर ऊन यायचं नाही."

"घर आमचं आहे, अण्णा."

अण्णा वर गेले आणि रात्री बारापर्यंत जागून त्यांनी तक्रार लिहिली. ती मला वाचायला दिली म्हणून सांगतो, सुरेख मराठी होतं. ही वाडी कोणा एकाची नाही, असं होतं त्यात. समोरच्या कौलांची उतरण ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची आहे. एकाने मोडलं की दुसरा मोडतो, असंही होतं. तक्रारीला जोडलेला फोटो त्यांनी आपल्याच गॅलरीतून काढला होता.

काही आठवड्यांनी पाहणीला तिघं आली. त्यांत एक वयस्कर बाई होत्या, वास्तुरचनाकार. त्यांनी आंटींचं घर पाहिलं, जिन्यावर हात फिरवला, कौलं मोजावीत तशी नजर नेली. मग फाइलमधला फोटो काढून गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या. फोटोत आंटींचं घर छान आलं होतं. पण डाव्या कडेला, वरपासून खालपर्यंत, एक चकचकीत पांढरी पट्टी होती.

"हा फोटो कुठून काढलाय?" बाईंनी विचारलं.

अण्णांनी वर बोट केलं. बाईंनी वर पाहिलं. फाइलमध्ये यादी करताना काढलेला अण्णांच्या घराचाही जुना फोटो होता, आठ झडपांचा. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले आणि काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर अण्णांनी उत्तर दिलं असतं.

अण्णांची तक्रार मान्य झाली. समितीने दोन मजल्यांना नकार दिला. मागच्या अंगणात, गल्लीतून दिसणार नाही अशी, घराशी जुळणारी दोन खोल्यांची वाढ सुचवली. आयुक्तांनी ते मानलं. त्याच महिन्यात अण्णांना महापालिकेची नोटीस आली: दर्शनी खिडक्या पूर्ववत कराव्यात.

अण्णा तीन रविवार जुन्या लाकडाच्या वखारी फिरले. बर्मा सागवान मिळत होतं, पण तसल्या झडपा जुळवणारा सुतार सापडायला पावसाळा उजाडला. सहा झडपांचंच लाकूड जमलं. उरलेल्या दोनचं काय, म्हणून ते ओट्यावर बसले होते, तेव्हा समोरून आंटींनी धाकट्याला पोटमाळ्यावर चढवलं.

गोणपाटात गुंडाळलेल्या दोन झडपा खाली आल्या. त्या सोमवारी भंगारवाल्याची गाडी वाडीतून बाहेर पडण्याआधी आंटींनी त्या विकत घेतल्या होत्या. आठही घ्यायला तेव्हा पैसे नव्हते.

अण्णा पाकीट काढू लागले. आंटींनी 600 रुपये घेतले, भंगारवाल्याला दिले होते तेवढेच.