एलियट का थांबला?

चि. सोनू,

'ई.टी.' हा सिनेमा बघून झाल्या झाल्या तू फोन केलास आणि विचारलंस, "आजी, ई.टी. त्याला 'ये' म्हणत होता, मग एलियट यानात का नाही चढला?" आवाजात रडू होतं तुझ्या. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

सुरुवातीचं ते जेवणाचं टेबल आठवतंय? एलियटने शेडमध्ये काहीतरी पाहिलंय आणि कोणाचाच त्याच्यावर विश्वास बसत नाही. तो चिडून म्हणतो, बाबांनी ठेवला असता विश्वास. आई म्हणते, मग त्यांना फोन करून सांग. तेव्हा हा पटकन बोलून जातो की बाबा सॅलीबरोबर मेक्सिकोला गेलेत. आईचे डोळे भरून येतात, ती उठून जाते. मोठा भाऊ मायकेल एलियटवर खेकसतो: मोठा हो जरा, दुसऱ्याला काय वाटतं त्याचाही कधीतरी विचार कर!

माझ्या मते सगळा सिनेमा इथून सुरू होतो. कारण यानंतर शेडमधला तो परग्रहवासी ई.टी. घरात येतो आणि एलियटला खरोखरच दुसऱ्याचं मन कळायला लागतं, आणि तेही थेट अंगात. ई.टी. घरी बिअर पितो आणि वर्गात झिंगतो एलियट. तसल्या अवस्थेतच तो बरण्यांमधले बेडूक सोडून देतो. पुढे डॉक्टर विचारतात, एलियटला ई.टी.चे विचार कळतात का? तर मायकेलच उत्तर देतो, विचार नाही, त्याला जे वाटतं ते याला वाटतं. टेबलावर ओरडणारा हाच तो भाऊ!

आणि ई.टी.ला सारखं काय वाटत असतं? आपली माणसं आपल्याला जंगलात सोडून निघून गेली, हे. एलियटच्या घराचंही तेच दुःख आहे. गॅरेजमध्ये दोघा भावांना बाबांचा जुना शर्ट सापडतो आणि ते त्याचा वास घेतात. हा प्रसंग मिनिटभराचाही नसेल, पण मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तुझी आई तुझ्याएवढी होती. भाड्याने आणलेली कॅसेट होती, आणि तिथे आम्ही दोघीही गप्प झालो होतो. दिग्दर्शक स्पीलबर्ग यांचेही आईवडील वेगळे झाले होते. त्या एकटेपणात त्यांनी मनातल्या मनात एक सवंगडी कल्पिला होता, त्यातून ही गोष्ट सुचली. पटकथा मेलिसा मॅथिसन यांनी लिहिली.

बराच वेळ आईखेरीज एकाही मोठ्या माणसाचा चेहरा धड दिसत नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? कमरेच्या किल्ल्या दिसतात, टॉर्च दिसतात, शिक्षकांचा नुसता आवाज येतो. कॅमेरा मुलांच्या उंचीवरच ठेवलाय. आईचा चेहरा मात्र पहिल्यापासून समोर आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता तुझा प्रश्न. निरोपाच्या वेळी ही आई तिथेच, चार पावलांवर उभी आहे. धाकटी गर्टी आहे, मायकेल आहे. बाबा आधीच घर सोडून गेलेत. कोणी सोडून गेलं की मागे राहणाऱ्याचं काय होतं, हे एलियटने ई.टी.च्या संगतीत स्वतःच्या छातीत सोसलंय. तो आपल्या आईला पुन्हा तसं मागे ठेवून कसा जाईल? आणि घराच्या ओढीने ई.टी. किती खंगला होता तेही त्याने पाहिलंय, म्हणून ई.टी.लाही तो अडवून धरत नाही.

ती मुलं किती खरी रडतात! चित्रीकरण बहुतेक गोष्टीच्याच क्रमाने केलं होतं, त्यामुळे निरोपाची वेळ येईपर्यंत त्यांना त्या बाहुल्याचा खरंच लळा लागला होता. गर्टी झालेली ड्रू बॅरीमोर तेव्हा अवघी ६ वर्षांची होती. आणि संगीत! जॉन विल्यम्स यांना शेवटच्या भागात पडद्यावरच्या दृश्याशी वाद्यवृंद जुळवता येईना, तेव्हा स्पीलबर्ग म्हणाले, पडदा विसरा आणि मैफलीत वाजवता तसं वाजवा. मग त्या संगीताप्रमाणे दृश्यांचं संकलन बदललं.

पुढच्या वेळी बघशील तेव्हा शेवटी यानाकडे नको, आईकडे बघ.

तुझी,
आजी

ता. क. ऑस्करचं विचारलं होतंस. ४ मिळाली, संगीताचं त्यातलंच. सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र 'गांधी' ठरला. त्याच समारंभात 'गांधी'च्या वेशभूषेसाठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.