गव्हाणी घुबडाच्या सोबतीने

डोळे मिटा. श्वास चालला आहे तसा चालू द्या. गावाबाहेरचा एखादा पडका वाडा मनात आणा. ओळखीचा असेल तर अधिक बरे. दिवस मावळला आहे. वर तुळईच्या आडोशाला गव्हाणी घुबड जागे होते आहे.

त्याला सावकाश न्याहाळा. पाठ सोनेरी-करडी, पोट पांढरे, त्यावर बारीक ठिपके. पत्त्यांतल्या बदामासारखा चेहरा आणि त्यात दोन काळेभोर डोळे. हे डोळे खोबणीत फिरत नाहीत. बाजूला पाहायचे तर मानच वळवावी लागते, आणि ती २७० अंशांपर्यंत वळते.

आता कानांकडे या. ते पिसांखाली झाकलेले आहेत, एक जरा वर, एक जरा खाली. चेहऱ्याच्या कडेची ताठ पिसे आवाज गोळा करून कानांकडे वळवतात. म्हणजे हा पक्षी साऱ्या चेहऱ्याने ऐकतो. गवतात उंदीर सळसळला की आवाज एका कानाला किंचित आधी पोचतो, त्यावरून डावे-उजवे कळते. कान वर-खाली असल्यामुळे उंची कळते. मिट्ट काळोखात नुसत्या आवाजावर घुबड उंदीर पकडते, हे जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी प्रयोगांतून दाखवले. इथे थोडे थांबा. तुमच्या भोवतीचे आवाज ऐका. त्यांतला सर्वांत बारीक कोणता? त्याच्यापाशी जरा राहा.

घुबड झेपावते. पंखांच्या पुढच्या कडेला दातेरी झालर आहे, पिसांवर मखमली लव. उडण्याचा आवाज जवळजवळ होतच नाही. उंदराला चाहूल लागत नाही, आणि घुबडाच्या स्वतःच्या ऐकण्यातही व्यत्यय येत नाही. शिकार अख्खी गिळली जाते. हाडे आणि केस पुढे गोळी होऊन तोंडावाटे बाहेर पडतात.

त्याच्या चिरक्या ओरडण्याला आपण अपशकुन ठरवले. ती भीती तुमच्याही मनात असेल तर ढकलू नका, तिच्याकडेही नीट पाहा. शेतातले उंदीर वेचणाऱ्या या पक्ष्याचा दिवाळीच्या अमावास्येला जादूटोण्यासाठी बळी जातो, १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा असूनही. हे मला फार लागते.

डोळे उघडा. एवढे करा: उंदरांना विष घालू नका, कारण विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबडही मरते. आणि जुन्या भिंतीतली पोकळी बुजवण्याआधी आत पिले नाहीत ना, ते पाहून घ्या.