एक थेंबही गळाला नाही

माझ्या मामाकडं एक जुनी जीप होती. एरवी उदगीर-देगलूर रस्त्यावर काळी-पिवळी म्हणून धावायची आणि लग्नसराईत वऱ्हाडाची भाडी मारायची. तिचं इंजिन खालून गळायचं. गाडी जिथं उभी राहील तिथं ऑइलचा काळा डाग पडायचा. घरासमोरच्या फरशीवर इतके डाग झाले होते की मामीनं त्या जागी रांगोळी काढणंच सोडून दिलं होतं.

शेवटी मामानं गाडी गॅरेजला लावली. मिस्त्रीनं खालचं ऑइल चेंबर उतरवलं, जुनं पॅकिंग खरवडलं, नवं बसवलं आणि वरून सिलिकॉन लावलं. मामा तिथंच स्टुलावर बसून होता. त्या दुपारी तो दोन गोष्टी बोलला. एक, "जरा सढळ हातानं लावा मिस्त्री, पुन्हा गळाया नको." आणि दुसरी, "संध्याकाळपर्यंत द्या, उद्या लग्नाचं भाडं हाय." मिस्त्रीनं दोन्ही ऐकलं. गाडी दिवेलागणीला घरी आली आणि खरंच, त्यानंतर फरशीवर डाग पडला नाही.

चार महिन्यांनी देगलूरहून परत येताना इंजिन जाम झालं. त्याआधी दोन दिवस समोरच्या बोर्डावरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकत होता. मामानं गाडी थांबवून डिपस्टिक काढून पाहिली होती. ऑइल फुल होतं, तेव्हा वायरिंगमध्येच काहीतरी असेल असं म्हणून तो पुढं निघाला होता.

दुसऱ्या एका मिस्त्रीनं चेंबर खोललं तेव्हा मी तिथं होतो, अकरावीत असेन. इंजिनचा पंप चेंबरमधलं ऑइल एका जाळीतून ओढतो आणि वर क्रँकपर्यंत पोचवतो. त्या जाळीवर सिलिकॉनचे रबरी तुकडे शेवयांसारखे गुंतून बसले होते. चेंबर ऑइलनं भरलेलं होतं, पण वर जायची वाट बंद होती. बेअरिंगं जळाली होती, क्रँकवर ओरखडे होते. खर्चाचा आकडा ऐकून मामा बराच वेळ काही बोलला नाही.

मग आम्ही पहिल्या गॅरेजात गेलो. भांडायलाच गेलो होतो. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, "मालक, खरं सांगा. बाहीर एक थेंब तरी गळाला का?"

गळाला नव्हता. मामा परत फिरला.

तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मिस्त्री खोटं बोलत नव्हता. त्यानं माल चोरला नव्हता, जुनं पॅकिंग पुन्हा बसवून नव्याचे पैसे लावले नव्हते. उलट लागतं त्यापेक्षा जास्त सिलिकॉन वापरलं होतं, तेही स्वतःच्या खिशातून. आम्ही सांगितलं तेच त्यानं केलं आणि मन लावून केलं. मग त्याचं चुकलं काय? आणि चुकलंच असेल, तर ते कौशल्यातलं चुकणं की नीतीतलं?

पॅकिंग नावाची वस्तू मुळात का लागते, हे आधी पाहू. लोखंडाचे किंवा अॅल्युमिनियमचे दोन भाग कितीही नीट घासून एकमेकांवर ठेवले, तरी त्यांच्यात बारीक चढउतार राहतातच. नखाला लागत नाहीत, पण ऑइलला सापडतात. म्हणून दोन कठीण गोष्टींच्या मध्ये एक मऊ गोष्ट ठेवायची, जी दाबली जाऊन ते खड्डे भरेल. कुठं कागद, कुठं कॉर्क, कुठं रबर. इंजिनच्या हेडखाली पोलादाचे पातळ थर, कारण तिथं एकाच पॅकिंगला जळता गॅस, पाणी आणि ऑइल एकमेकांपासून वेगळं ठेवायचं असतं. आपल्याकडं कार्ब्युरेटरला जाड लग्नपत्रिका कापून लावलेली मी पाहिली आहे, आणि ती चाललीसुद्धा. जुन्या पॅकिंगांमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ते खरवडताना उडणारी भुकटी किती मिस्त्रींच्या छातीत गेली असेल, तो हिशोब वेगळा आहे.

सिलिकॉनचं काम याहून मर्यादित. नळीतून पेस्टसारखं निघतं, हवेतली ओल शोषून त्याचं रबर होतं. पृष्ठभाग तेलकट असेल तर ते धरत नाही. पूर्ण घट्ट व्हायला बहुतेक वेळा २४ तास लागतात, आणि नळीवर तसं छापलेलंही असतं. साधारण २ ते ३ मिलिमीटरची सलग ओळ बहुतेक ठिकाणी पुरते. कारण बोल्ट आवळले की ती ओळ दबून पसरते आणि जास्तीचं बाहेर येतं. जेवढं बाहेर येतं, तेवढंच आतही जातं. बाहेर आलेलं मिस्त्री बोटानं पुसून टाकतो. आतलं पुसायला कुणाचं बोट पोचत नाही. ते तिथंच सुकतं, गरम ऑइलात भिजत राहतं, कधीतरी सुटतं आणि जाळीकडं ओढलं जातं. काही हेड पॅकिंगना तर सिलिकॉन अजिबात लावायचं नसतं. तिथं लावलं की बिघाडच होतो.

हल्ली रील्समध्ये इंजिन बांधणीचे व्हिडिओ खूप दिसतात. निळ्या सिलिकॉनची जाड, चकचकीत वळी चेंबरच्या कडेनं सरकत जाते, खाली हजारो लाइक्स. बघायला छान वाटतं, मीही थांबून बघतो. पण हल्ली मी ती वळी किती जाड आहे तेही बघतो.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये गायजीस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला एक अंगठी सापडते. ती बोटात फिरवली की माणूस अदृश्य होतो, आणि तिच्या जोरावर तो राजाला मारून राज्य बळकावतो. गोष्ट सांगणारा विचारतो, कुणी पाहणारच नसेल तर माणूस न्यायानं का वागेल? अडीच हजार वर्षं तत्त्वज्ञ या अंगठीवर बोलत आले आहेत. आपल्याकडंही कीर्तनात, शाळेच्या परिपाठात तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो आणि उत्तरही ठरलेलं असतं: कुणी पाहो न पाहो, देव पाहतो.

आमच्या मिस्त्रीला ती अंगठी घातली असती तर त्यानं काय केलं असतं? मला खात्री आहे, त्यानं तेच केलं असतं. तेवढंच सिलिकॉन, तेवढ्याच सढळ हातानं. त्याच्या मनात लबाडी नव्हतीच. म्हणजे गायजीसचा प्रश्न इथं अपुरा पडतो. त्या गोष्टीत न दिसणारा माणूस आहे आणि त्याचा मोह आहे. गॅरेजात माणूस उजेडात बसलेला आहे, न दिसणारी आहे ती कामाची आतली बाजू. एकदा चेंबर वर चढवलं की ती बाजू गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि मिस्त्रीलाही दिसत नाही. अशा वेळी चांगला माणूस काय करतो? मला वाटतं, तो जे दिसणार आहे त्याचीच काळजी घेतो. गळती दिसते, म्हणून गळती थांबवतो, आणि तेवढ्याला काम झालं म्हणतो. मामानंही डिपस्टिक काढून हेच केलं. ऑइल आहे का, हे पाहता येत होतं, म्हणून तेवढंच पाहिलं. ते वर पोचतं आहे का, हे सांगणारा लाल दिवा त्याला खोटा वाटला.

ही फक्त उदगीरच्या गॅरेजातली गोष्ट असती तर मी एवढी लांबवली नसती. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, ७ अंतराळवीर गेले. कारण होतं एका जोडाचं. यानाच्या बाजूचे रॉकेट अनेक तुकड्यांत बनत आणि मग जोडले जात. प्रत्येक जोडात दोन रबरी कड्या, आणि त्यांच्या आतल्या बाजूला जळत्या गॅसपासून आडोसा म्हणून पुट्टी. म्हणजे पॅकिंग आणि लेप, दोन्ही. थंडीत रबर कडक झालं, जोडाबरोबर लवलं नाही आणि गॅस बाहेर पडला. चौकशी समितीतले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सगळ्यांसमोर दाखवलं, की थंड झाल्यावर तो लगेच पूर्ववत होत नाही.

हा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. मला हलवून गेला तो त्याच चौकशी अहवालातला दुसरा भाग. जोड पक्का बसला आहे ना, हे पाहायला दोन कड्यांच्या मध्ये हवेचा दाब देत. खात्री अधिक व्हावी म्हणून तो दाब टप्प्याटप्प्यानं ५० वरून २०० पौंड प्रति चौरस इंचांवर नेला. त्या वाढीव दाबानं आतल्या पुट्टीला भोकं पडत, आणि त्याच भोकांतून जळता गॅस कड्यांपर्यंत पोचायची वाट तयार होई. जोड तपासणीत पास होत होता आणि तपासणीच त्याला आतून कमजोर करत होती. आधीच्या उड्डाणांनंतर रॉकेट खोलले तेव्हा कड्या जळालेल्या, काजळी पुढं गेलेली सापडली होती. पण यानं सुखरूप परत आली होती, म्हणून ते चालण्यासारखं ठरत गेलं. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांनी इतक्या थंडीत उड्डाण करू नका म्हणून सांगितलं. रॉजर बॉइसजोली हे त्यांतले एक. त्यांनी तर सहा महिने आधी, जुलै १९८५ मध्येच लेखी इशारा दिला होता. वरच्या लोकांनी मात्र शेवटी होकार कळवला.

हे वाचताना मला सारखा तो प्रश्न ऐकू येत होता. बाहीर एक थेंब तरी गळाला का?

दोन्हींत फरकही मोठा आहे. तिकडं माहीत असणारी माणसं होती आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही. इकडं मिस्त्रीला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. पोराच्या वयात गॅरेजात आला, उस्तादाचा हात पाहून शिकला. काम झालेली गाडी चार महिन्यांनी त्याच्याकडंच परत येते असंही नाही. आपल्या चुकीचं फळ ज्याला कधी बघायलाच मिळत नाही, त्यानं शिकायचं कसं? म्हणून मी त्याला दोषी म्हणायला कचरतो. पण पूर्ण निर्दोषही म्हणवत नाही. आम्ही ते तुकडे कागदात गुंडाळून नेले होते. तो दिवस त्याच्यासाठी दुर्मीळ होता, आतली बाजू त्याच्या टेबलावर आली होती. त्यानं ती उघडून पाहिली नाही. चार महिन्यांपूर्वीचं चुकणं अज्ञानातलं होतं, पुडी न उघडणं तसं म्हणता येत नाही.

आणि मामा? सढळ हातानं लावा, असं तोच म्हणाला होता. २४ तास सुकायला लागणारी गोष्ट तोच संध्याकाळी घेऊन गेला होता. गिऱ्हाईक घाई करतं, वर जास्त मागतं, आणि जाणत्या कारागिरानं नाही म्हटलं तर शेजारच्या गॅरेजात जातं. मिस्त्रीला नाही म्हणायची मुभा आपणच ठेवत नाही. मला वाटतं मामा त्या दिवशी न भांडता परतला, तो यामुळंच. निदान मला तसं वाटून घ्यायला आवडतं. तो स्वतः त्यावर कधी बोलला नाही.

दुसऱ्या मिस्त्रीनं इंजिन बांधलं तेव्हा मामा पुन्हा स्टुलावर बसला होता. मिस्त्रीनं दोन्ही कडा पेट्रोलच्या फडक्यानं तीनदा पुसल्या, बोट फिरवून पाहिलं, आणि सिलिकॉनची एक बारीक ओळ सोडली, बोल्टाच्या भोकांना आतल्या बाजूनं वळसा घालत. मामा म्हणाला, "एवढंच?" मिस्त्रीनं मान हलवली आणि गाडी उद्या संध्याकाळी न्या म्हणाला. त्यात एक भाडं गेलं.

पुढची दोन वर्षं जीप चालली. मागच्या बाजूनं, कुठल्याशा सीलमधून, रात्रीत थेंब-दोन थेंब पडायचे. मामानं तिथं खोक्याचा पुठ्ठा टाकून ठेवला होता. सकाळी चहा घेऊन बाहेर आला की आधी पुठ्ठ्यावरचे थेंब मोजायचा, मग बॉनेट उघडायचा. इंजिन सुरू केलं की लाल दिवा विझेपर्यंत गिअर टाकायचा नाही.