छताचा हिशेब

स्टेडियमच्या डागडुजीवर जनतेचा पैसा खर्च करावा काय, हा प्रश्न वरकरणी महापालिकेच्या अंदाजपत्रकातला वाटतो. आम्हांला तो न्यायाचा वाटतो, आणि त्यासाठी कॅनडातील माँट्रियल शहराकडे पाहावेसे वाटते.

१९७६ च्या ऑलिम्पिकसाठी तेथे उभारलेल्या स्टेडियमला लोक कौतुकाने ‘बिग ओ’ म्हणत. इंग्रजीत ‘ओ’ या अक्षराचा आणि ‘देणे लागणे’ या क्रियापदाचा उच्चार एकच. त्यामुळे पुढे नाव न बदलताच त्याचा अर्थ बदलला. हे खेळ आपला खर्च आपणच भागवतील, अशी ग्वाही महापौर ज्याँ द्रापो यांनी दिली होती. प्रत्यक्षात दीडशे कोटी डॉलरच्या घरात गेलेले देणे फिटायला २००६ साल उजाडले. त्यासाठी तंबाखूवर खास कर बसविला होता.

या कराने आम्हांला अधिक अस्वस्थ केले. व्यसनावरचा कर, त्यात हळहळण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. परंतु मधल्या सुट्टीत सिगारेट ओढणारा गोदीकामगार आणि उद्घाटनाच्या दिवशी मानाच्या खुर्चीवर बसलेला पाहुणा, या दोघांपैकी सोहळ्याचे बिल कामगाराच्या खिशातून गेले. तेही तीस वर्षे.

लूकच्या शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आहे. आधी बसून खर्चाचा हिशेब केला नाही, तर अर्धवट कामाकडे पाहून लोक हसतात. योगायोग असा, की या स्टेडियमलाही एक झुकता मनोरा आहे आणि ऑलिम्पिकच्या वेळी तो अर्धाच होता. पुरा झाला १९८७ मध्ये. दृष्टान्तातल्या माणसाची फक्त फजिती होते. उसनवारीने काम पुरे करून हप्ते पुढच्या पिढीवर टाकणाऱ्याला काय म्हणावे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये क्विबेक सरकारने याच स्टेडियमच्या नव्या छतासाठी व ते पेलणाऱ्या कड्यासाठी ८७ कोटी डॉलर जाहीर केले. जुने छत वीस हजारांहून अधिक ठिकाणी फाटले होते; तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त बर्फाचा अंदाज असला की आत कार्यक्रम घेता येत नसे. पाडायचे तर दोनशे कोटी लागतील, असे सरकारचे म्हणणे. पावसाळ्यापूर्वी घराची कौले परतावी की नाही, याची चर्चा आपण करीत नाही, हे खरे. पण घरात आपण राहतो. इथला मुख्य भाडेकरू, व्यावसायिक बेसबॉल संघ, २००४ च्या हंगामानंतर शहर सोडून गेला.

तरीही ‘पाडून टाका’ असे आमच्याने म्हणवत नाही. सप्टेंबर १९८४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी याच ठिकाणी हजारो तरुणांची भेट घेतली होती. मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या तलावांत सामान्य नागरिक पोहतात. जिथे नागरिक स्वतः घाम गाळतो, तिथल्या खर्चाला आमचा विरोध नाही. जिथे तो केवळ तिकीट काढणारा गिऱ्हाईक ठरतो, तिथला भार आधी तिकीट विकणाऱ्याने उचलावा. छत घालावे, मात्र त्याखाली प्रदर्शने आणि जलसे भरवून नफा कमावणाऱ्यांकडून त्याची भरपाई भाड्यातून व्हावी. तसे होणार नसेल, तर यंदाचा हप्ता कोणाच्या सिगारेटवर पडतो, तेवढे आधी जाहीर करावे.